वेग जातो कुठे? : सीमाभागातील रस्ते, गाड्या आणि ब्रेक यांची कथा



ज्या वर्गात मी पाटी घेऊन बसलो, त्याच वर्गाच्या भिंतीला लागून उभारलेल्या या व्यासपीठावरून बोलण्याची संधी शाळेने मला दिली, याबद्दल मी ऋणी आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला विज्ञान शिकविले. पुढे मी इतिहासाकडे वळलो, तरी त्यांनी लावलेली सवय सुटली नाही. कोणतीही वस्तू पाहिली की ती कशी चालते, हे विचारावयाचे. आजचा माझा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांचा इतिहास म्हटला की बहमनी सुलतान, महमूद गवानचा १४७२ चा मदरसा, बसवेश्वरांचे कल्याण, माणिकनगरची गादी, हैदराबादचा मुक्तिसंग्राम हे विषय समोर येतात. ते थोरच आहेत. परंतु आज मी मोटारगाडीच्या ब्रेकविषयी बोलणार आहे. गाडीचे पॅड, लायनर, ड्रम आणि डिस्क केव्हा बदलावेत, हा प्रश्न गॅरेजातला खरा, पण त्याला इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा एक धागा माझ्या स्वतःच्या आयुष्यातून जातो.

१९६५ च्या सुमाराची गोष्ट. गुरुजींनी आम्हां मुलांना एके दिवशी बसस्थानकावर नेले. हुमनाबादकडून गाडी आली, थांबली, उतारू उतरले. गुरुजींनी चालकाची परवानगी घेतली आणि आम्हांला पुढच्या चाकाजवळ हात धरावयास सांगितले. हात लावू नका, नुसता जवळ धरा, असे त्यांनी बजावले. चाकातून चुलीसारखी धग येत होती. गुरुजींनी विचारले, "गाडी येत होती तेव्हा तिला वेग होता. आता ती उभी आहे. मग तो वेग गेला कुठे?" एकाने सांगितले, संपला. गुरुजी म्हणाले, "संपत काही नाही, बाळ. तुझ्या तळहाताला लागते आहे, तिथे गेला."

ब्रेकचे सगळे शास्त्र त्या एका उत्तरात आहे. ब्रेक वेगाचे उष्णतेत रूपांतर करतो, आणि हे काम करताना स्वतः थोडाथोडा झिजतो. झिजणे हा त्याचा दोष नव्हे, तो त्याचा धर्म आहे. प्रश्न एवढाच, की तो किती झिजला हे पाहावयाचे कोणी आणि केव्हा.

बैलगाडी ते मोटार

आपला प्रदेश वाहतुकीच्या दृष्टीने विलक्षण आहे. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे, तांबडे, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. दक्षिणेला कलबुर्गीकडे उतरत गेलो की काळी जमीन लागते, तुरीचा मुलूख सुरू होतो आणि उंची साधारण ४५० मीटरांवर येते. म्हणजे वरून खाली जाणारी प्रत्येक गाडी दीडशे मीटरांची उंची सोडून जाते. ही उंची सोडणे म्हणजे काय, याचा हिशेब पुढे करू.

बैलगाडीच्या काळात उतारावरचा ब्रेक म्हणजे मुख्यतः बैलांची मान आणि गाडीवानाची शुद्ध. तीव्र उतारावर चाकाला लाकूड घासत ठेवावे, मागे दोर बांधून माणसांनी धरावे, थांबल्यावर चाकाखाली दगड द्यावा, असे उपाय सर्वत्र होते. इंग्लंडातही निराळे काही नव्हते. हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने १८९७ मध्ये ब्रेकच्या ठोकळ्यांवर चढविण्याच्या अस्तराचा उद्योग सुरू केला. असे सांगतात, की डार्बीशायरच्या डोंगराळ भागात गाडीवान चाकावर घासणाऱ्या लाकडी ठोकळ्याला जुन्या जोड्याचे कातडे ठोकतात, हे पाहून त्याला ती कल्पना सुचली. त्याच्या आडनावाची अक्षरे फिरवून आणि एक अक्षर वाढवून झालेले 'फेरोडो' हे नाव पुढे आपल्याकडच्या सुट्या भागांच्या दुकानांतही पोहोचले. जोड्याच्या कातड्यापासून सुरू झालेली ही परंपरा आहे, हे आपल्या कारागिरांनी अभिमानाने लक्षात ठेवावे.

१९०२ हे या इतिहासातले मोठे वर्ष. त्या वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक पुढे आणला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. ड्रममध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याच्या आतून दोन शू बाहेर दाबले जातात. डिस्कमध्ये चाकाबरोबर फिरणारी एक थाळी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली जाते. लँचेस्टरची कल्पना उत्तम होती, पण धातूवर धातू घासून असा कर्कश आवाज निघे की लोक कंटाळले. ड्रम जिंकला आणि पुढची पन्नास वर्षे त्याचेच राज्य राहिले. १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्युझेनबर्ग मोटारीत चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. तोपर्यंत दांडे आणि तारा ओढून ब्रेक लावीत, आणि प्रत्येक चाकाला सारखा जोर मिळेल याची खात्री नसे.

निजामी राज्यातील सडक

आता आपल्या मुलखाकडे येऊ. रेल्वे गुलबर्ग्याला लवकर आली. मुंबईकडून येणारा लोहमार्ग १८७१ पर्यंत रायचूरला पोहोचला आणि १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद मार्ग सुरू झाला. बिदर-कलबुर्गी हा थेट लोहमार्ग मात्र २०१७ च्या ऑक्टोबरात पूर्णत्वाने खुला झाला. एवढ्या काळात या दोन शहरांमधील माणसांची आणि मालाची ने-आण मुख्यतः सडकेने झाली. म्हणून सडकेचा इतिहास हा आपल्या घराघरांचा इतिहास आहे.

१९३२ च्या जूनमध्ये निजामाच्या राज्य रेल्वेने स्वतःचा सडक वाहतूक विभाग सुरू केला. प्रारंभी २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या, आणि त्या काळातली एक गाडी हैदराबादेत जतन करून ठेवलेली आहे. संस्थानातील बसगाड्यांच्या क्रमांकातील 'झेड' हे अक्षर निजामाच्या मातोश्री झेहरा बेगम यांच्या नावावरून आले, असे हैदराबादेत आजही सांगतात. शेजारच्या मुंबई इलाख्यात पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली ती १ जून १९४८ रोजी. म्हणजे सरकारी बसच्या बाबतीत निजामी मुलूख सोळा वर्षे पुढे होता. रझाकारांच्या काळाच्या कडू आठवणी या भागातील प्रत्येक घरात आहेत, आणि त्या असाव्यात. तरीही इतिहास लिहिणाऱ्याने जे जसे होते तसे लिहावे.

माझे थोरले चुलते त्या विभागात क्लीनर म्हणून लागले आणि मिस्त्री होऊन निवृत्त झाले. त्यांनी काम शिकले ते एका उस्तादांच्या हाताखाली. उस्ताद उर्दूत बोलत, चुलते मराठीत उत्तर देत आणि गाडी धुणारा मुलगा कन्नडमध्ये गात असे. उस्तादांची एक पद्धत चुलते नेहमी सांगत. चाक उचलावयाचे, ड्रमवर लहान हातोडीने टकटक करावयाचे आणि ऐकावयाचे. चांगला ड्रम घंटेसारखा वाजतो, तडा गेलेला फुटक्या मडक्यासारखा. मग ड्रम काढून लायनरवर अंगठ्याचे नख फिरवावयाचे. नखाला रिव्हेटचे डोके लागले की लायनर फेकावयाचे. "रिव्हेट दिसेपर्यंत थांबशील, तर ड्रमही जाईल," हे उस्तादांचे वाक्य चुलत्यांनी मला इतक्यांदा ऐकविले, की ते घरातल्या म्हणीसारखे झाले.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५१ रोजी बस विभाग रेल्वेकडून राज्य शासनाकडे आला. त्यानंतर बरोबर पाच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्याचेच तीन तुकडे झाले. बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. एकाच घरातील भाऊ तीन राज्यांचे नागरिक झाले. आमच्या घरी आत्या उदगीरला आणि मावशी जहीराबादला, त्यामुळे दिवाळीला तीन शासनांच्या गाड्यांत बसावे लागे. चुलते म्हैसूर राज्याच्या नोकरीत आले. म्हैसूरचे बसखाते १९६१ मध्ये महामंडळ झाले, आणि २००० साली आपल्या भागासाठी कलबुर्गी येथे मुख्यालय असलेले स्वतंत्र महामंडळ निघाले. नोंदवहीची भाषा बदलली, टोपीवरचे चिन्ह बदलले. लायनरवर फिरणारे नख मात्र तेच राहिले, असे चुलते म्हणत.

माझ्या मते या परंपरेतून एक महत्त्वाची गोष्ट आपल्या हाती येते. सरकारी आगारात गाडी ठरलेल्या अंतराने खड्ड्यावर येते, बिघाड असो वा नसो. मालकाला वाटले म्हणून नव्हे, तर तारीख आली म्हणून तिचे चाक उतरते. झीज ही माणसाच्या मर्जीवर सोडण्याची वस्तू नाही, हे तत्त्व या पद्धतीत आहे. व्यक्तीच्या शहाणपणावर विसंबून न राहता वहीवर विसंबणे, ही आधुनिक काळाने आपल्याला दिलेली मोठी देणगी होय.

१९८६ चा उन्हाळा

आता मला जे सांगावयाचे आहे ते सोपे नाही.

१९८६ च्या मे महिन्यात आमच्या आप्तांपैकी एका घरी लग्न होते. वऱ्हाडासाठी एक जुनी जीप होती. चालविणारा माझा वर्गमित्र, गुरुजींचाच विद्यार्थी. मी त्याचे नाव घेत नाही, कारण त्याची माणसे आज या सभागृहात असू शकतील. त्या जीपच्या मागच्या चाकातून पंधरा दिवस आवाज येत होता. ब्रेक दाबला की पाट्यावर खडा घासावा तसा. मी दोन वेळा त्या गाडीत बसलो होतो. दोन्ही वेळा मी तो आवाज ऐकला. चुलत्यांच्या पुतण्याला तो आवाज कशाचा, हे सांगण्याची गरज नव्हती. लायनर संपून रिव्हेट ड्रमवर घासत होते. मी मित्राला म्हटले, "अरे, हे दाखवून घे." तो म्हणाला, "लग्न होऊ दे, मग." मी पुढे काही बोललो नाही. घरात मंगलकार्य होते, गाडीवाचून अडणार होते, अपशकुनी बोलणे कोणाला नको होते.

नदीच्या दिशेने उतरणाऱ्या रस्त्यावर समोर उसाने भरलेली बैलगाडी आडवी आली. मित्राने ब्रेक दाबला. पेडल तळापर्यंत गेले आणि तिथेच राहिले. त्याने जीप जांभ्याच्या बांधावर घातली, म्हणून बैलगाडीतील माणसे वाचली आणि मागे बसलेलेही वाचले. तो तिसऱ्या दिवशी गेला.

पेडल का गेले, हे चुलत्यांनी नंतर ती जीप पाहून मला समजावून सांगितले. लायनर झिजत जाते तसतसा शूला ड्रमपर्यंत पोहोचावयास अधिक बाहेर जावे लागते. व्हील सिलिंडरमधील दट्ट्या आपल्या मर्यादेपलीकडे सरकतो. एके दिवशी जोराने ब्रेक दाबताच तो रबरी वायसरासह बाहेर येतो आणि तेल वाहून जाते. त्या काळच्या अनेक गाड्यांत चारही चाकांना तेलाचा एकच मार्ग असे. एका चाकाला भोक पडले की चारही चाके निराधार. पुढे दोन स्वतंत्र मार्गांची रचना रूढ झाली, एक गेला तरी दुसरा उरावा म्हणून. परंतु त्या दिवशी त्या जीपला तो दुसरा मार्ग नव्हता. म्हणजे 'ब्रेक अचानक गेला' असे जे सगळे म्हणाले, ते खरे नव्हते. ब्रेक पंधरा दिवस जात होता. तो सांगूनही जात होता.

गुरुजी भेटावयास आले तेव्हा खूप वेळ गप्प बसले. उठताना त्यांनी मला एवढेच विचारले, "तुला आवाज ऐकू आला होता ना?" मी मान हलविली. ते काही बोलले नाहीत. पाठीवर हात ठेवून निघून गेले. त्या प्रश्नाला चाळीस वर्षे होत आली. आजचे हे व्याख्यान, एका अर्थी, त्याचे मी उशिरा दिलेले उत्तर आहे.

हिशेब

इतिहासाच्या व्याख्यानात गणित नको, असे कोणी म्हणेल. पण गुरुजींच्या नावाच्या व्याख्यानात थोडे गणित असलेच पाहिजे.

हजार किलो वजनाची छोटी मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने जात आहे. ती पूर्ण थांबविताना जी उष्णता निघते तिने सुमारे पाऊण लिटर थंड पाणी उकळीला येईल. वेग ४० केला तर उष्णता निम्मी होत नाही, एकचतुर्थांश होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ४० च्या वेगाने ब्रेक लागल्यापासून थांबावयास सुमारे ९ मीटर लागतात, तर ८० च्या वेगाने सुमारे ३६ मीटर. शिवाय माणसाच्या मनात धोका उमटून पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर ८० च्या वेगात आणखी २२ मीटर अंतर कापले जाते. झिजलेला ब्रेक या अंतरात भर घालतो.

आता पठारावरून खाली उतरणारी दहा टनांची बस घ्या. दीडशे मीटरांची उंची उतरताना ती जी ऊर्जा सोडते, तिने पंचेचाळीस ते पन्नास लिटर पाणी उकळेल. हवा, टायर आणि इंजिन यांचा विरोध त्यातील काही वाटा घेतो. बाकी सारे ब्रेकच्या वाट्याला येते. म्हणून उतारावर चढणीचाच गिअर ठेवावा, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्रशुद्ध आहे. इंजिनाला काम करू दिले की ब्रेक थंड राहतो. गिअर काढून गाडी सोडून देणारा चालक थेंबभर डिझेल वाचवितो आणि सारी उष्णता लायनरवर टाकतो. फार तापलेला लायनर पकड सोडतो. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो. तेल जुने असेल, त्यात हवेतील पाणी मुरलेले असेल, तर त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागते. ब्रेक ऑइल साधारणपणे दोन वर्षांनी बदलावे असे सांगतात, ते याचसाठी.

येथेच डिस्कचा पुनर्जन्म समजतो. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मांच्या शर्यतीत जग्वारची मोटार डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली आणि १९५५ मध्ये सित्रोएनने आपल्या नव्या मोटारीत डिस्क बसविली. डिस्क उघड्या हवेत असते, लवकर निवते, तापून फुगली तरी पॅडच्या दिशेने फुगते, आणि पावसाचे पाणी फिरता फिरता झटकून टाकते. आपल्याकडे अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांनी दीर्घकाळ चारही चाकांच्या ड्रमवर संसार केला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि पुढच्या काही वर्षांत छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क असणे हे नेहमीचे झाले. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला चाके जखडू न देणारी ए.बी.एस. यंत्रणा सक्तीची आहे. पण हेही लक्षात ठेवावे, की ही यंत्रणा झिजलेल्या पॅडला जाड करीत नाही.

मग बदलावे केव्हा?

माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांकडे आज स्वतःची मोटार आहे. त्यांच्यासाठी उस्तादांचे नख आणि आजचे माप एकत्र करून सांगतो.

नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरांवर आला की नवे पॅड आणावेत. त्याखाली जाऊन थांबणे म्हणजे उधारीवर चालणे. गाडीच्या पुस्तिकेत निराळा आकडा असेल तर तो प्रमाण मानावा. किती किलोमीटरांनी बदलावे, याचे एकच उत्तर नाही. कोणाचे पॅड ३० हजार किलोमीटरांत संपतात, कोणाचे ५० हजारांनंतरही टिकतात. शहरात क्षणोक्षणी ब्रेक दाबणारा आणि हमरस्त्यावर एका चालीने जाणारा यांची झीज सारखी कशी असेल? म्हणून किलोमीटर हे पाहण्याची वेळ ठरवितात, बदलण्याची वेळ ठरवितो तो उरलेला थर.

अनेक पॅडना एक बारीक पोलादी पट्टी असते. थर संपत आला की ती डिस्कला लागून चिरका आवाज काढते. हा कारखान्याने ठेवलेला निरोप्या आहे. त्याचे ऐकावे. चिरका आवाज जाऊन घरघर सुरू झाली तर पॅड संपला आणि लोखंड लोखंडावर घासत आहे असे समजावे. त्या गाडीने दुसऱ्या गावी जाऊ नये.

डिस्कच्या बाबतीत तिच्या किमान जाडीचा आकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला असतो. मायक्रोमीटरने चार-सहा ठिकाणी जाडी मोजावी. आकड्याच्या खाली गेली, खोल चरे पडले, तडे दिसले, निळसर डाग पडले, तर डिस्क बदलावी. ब्रेक दाबताच पेडल आणि स्टिअरिंग थरथरत असेल तर जाडी सर्वत्र सारखी उरलेली नाही, अशी शंका घ्यावी. लेथवर फिरवून ती सपाट करता येते, पण सपाट केल्यावरही किमान जाडी शिल्लक राहत असेल तरच. पातळ डिस्क कमी उष्णता पेलते, लवकर तापते, आणि झिजलेल्या पॅडच्या दट्ट्याला अधिक बाहेर यावयास लावते. माझ्या मित्राच्या जीपची तीच कथा इथे पुन्हा घडू शकते. पॅड असोत वा डिस्क, एकाच आसावरची दोन्ही चाके एकाच वेळी करावीत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. नवे पॅड बसविल्यावर पहिले काही दिवस जोराचा ब्रेक शक्यतो टाळून, मध्यम दाबाने ते डिस्कवर बसू द्यावेत.

आणखी एक गोष्ट, जी उस्तादांना ठाऊक नव्हती. त्यांच्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम काढला की आतली राखाडी पूड तोंडाने किंवा पंपाच्या हवेने उडवून देण्याची चाल होती. ती पूड फुप्फुसात जाऊन दशकांनंतर असाध्य रोग देते. २७ जानेवारी १९९५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत ठेवण्याचा आदेश दिला. आज ॲस्बेस्टॉसविरहित पॅड मिळतात. तेच मागून घ्यावेत. आणि कोणतीही पूड फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आपल्या वळणावळणावरच्या गॅरेजांत जी मुले काम करतात, त्यांच्या छातीची काळजी गाडीच्या मालकाने करावयाची नाही तर कोणी?

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मालकांनाही माझी विनंती आहे. ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. मागचा सारा भार ट्रॅक्टरच्या चाकांवर येतो. दोन ट्रॉल्या जोडून उतारावर जाताना हे ध्यानात असू द्यावे.

समारोप

वाहतुकीचा इतिहास लिहिताना आपण गाडी कधी सुरू झाली एवढेच लिहितो. पहिली रेल्वे, पहिली बस, पहिली मोटार. त्या गाड्या रोज संध्याकाळी सुखरूप थांबत होत्या, कारण कोणीतरी चाकाखाली पडून लायनरवर नख फिरवीत होते. त्या माणसांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. माझे चुलते गेले, त्यांचे उस्ताद त्यांच्या कितीतरी आधी गेले. आपल्या सीमाभागावर राज्ये आली आणि गेली, गुलबर्ग्याचे २०१४ मध्ये कलबुर्गी झाले, हैदराबाद-कर्नाटकाचे २०१९ मध्ये कल्याण-कर्नाटक झाले. या सर्व काळात त्या माणसांनी मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणाऱ्या उतारूंना सारख्याच काळजीने उतरविले. ब्रेकला भाषा विचारण्याची सवय नसते.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या वतीने माझी एक सूचना आहे. दरवर्षी या स्मृतिदिनी नववीच्या मुलामुलींना जवळच्या आगारात किंवा गॅरेजात न्यावे. एक चाक उतरवून दाखवावे. नवा पॅड आणि जुना पॅड हातात द्यावा. पट्टीने मोजू द्यावे. आणि त्यांना सांगावे, की आवाज ऐकू आला तर मोठ्या माणसांपुढे बोलावयाचे. कार्य असो, घाई असो, चालविणारा आपला जिवलग असो. एकदा बोलून ऐकले नाही तर पुन्हा बोलावयाचे, आणि तरीही ऐकले नाही तर किल्ली काढून घ्यावयाची.

मी त्या वेळी एकदाच बोललो होतो.